हंगुल दुपारभरात येईल, वाचन येणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या तरुण मुलामुलींना लागलेल्या कोरियन भाषेच्या ओढीविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मालिका आणि गाण्यांच्या वाटेने भाषेकडे वळलेली ही मुले राजारामपुरीतल्या शिकवणीवर्गांतून आणि मोबाइलवरून नेटाने शिकत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांत कोरियनचा नामोल्लेख केलेला असल्यामुळे उद्या हा विषय शाळांतही येऊ शकेल, हे लेखातले म्हणणे पटले. पटले नाही ते एकच वाक्य, आणि नेमके तेच चौकटीत मोठ्या टाइपात छापले होते: कोरियन लिपी एका दुपारी शिकता येते, त्यामुळे वाचन हा या भाषेतला सर्वांत सोपा भाग आहे. या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे सांगताना आपल्या दैनिकातल्या मराठीविषयीही थोडे लिहावे लागेल, त्याबद्दल राग नसावा.

पूर्वार्धाला जुना साक्षीदार आहे. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये ही लिपी, म्हणजेच हंगुल, सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेसाठी जाहीर झाली. लिपी समजावून देणाऱ्या त्या वेळच्या ग्रंथाच्या उपसंहारात चोंग इन-जी या दरबारी विद्वानाने लिहून ठेवले आहे की शहाण्या माणसाला ही अक्षरे सकाळ सरण्याआधी येतील आणि मंदबुद्धीच्या माणसालाही दहा दिवसांत येतील. आज तिच्यात १४ व्यंजने आणि १० स्वर अशी २४ मूळ चिन्हे आहेत. जोडव्यंजने आणि जोडस्वर धरले तर ती ४० होतात. ती एकापुढे एक न मांडता एकेका उच्चारखंडाच्या चौकोनात बसवतात. बाराखडीवर वाढलेल्या मराठी मुलाला या रचनेत फारसे परके काही वाटत नाही. रोमन लिपीत वाढलेल्यांपेक्षा आपली मुले इथवर लवकर पोचत असावीत, असा माझा अंदाज आहे.

अडचण सुरू होते ती दोन शब्द एकत्र येतात तिथे. फुलाचा कोरियन शब्द ‘क्कोच’ असा लिहितात. एकटा उच्चारला की तो ‘क्कोत’ ऐकू येतो. त्याला कर्त्याचा ‘इ’ हा प्रत्यय लागला की ‘क्कोची’ होतो, कारण शेवटचे व्यंजन पुढच्या स्वरावर सरकते, आणि हा नियम कोणत्याही वर्गात अगदी सुरुवातीलाच शिकवतात. आता याच ‘क्कोच’ला पान या अर्थाचा ‘इप’ जोडला की पाकळी होते. शिकवलेला नियम लावला तर उच्चार ‘क्कोचिप’ व्हायला हवा. प्रत्यक्षात कोरियन माणूस ‘क्कोन्निप’ म्हणतो. म्हणजे समोर आलेला ‘इ’ हा प्रत्यय आहे की एका स्वतंत्र शब्दाचा आरंभ आहे, हे ओळखल्याशिवाय तोंडातून बरोबर उच्चारच निघत नाही. अक्षरे लावली की शब्द आपोआप कळेल, ही एका दुपारच्या अभ्यासातून होणारी समजूत इथे उलटी पडते, कारण आधी शब्दाचा सांधा कळावा लागतो आणि मग अक्षरे उच्चारता येतात.

हे अपघाताने झालेले नाही. १९३३ मध्ये, जपानी राजवटीत, कोरियन भाषामंडळाने जे लेखननियम ठरवले त्यांचे पहिलेच तत्त्व असे आहे की प्रमाण भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी, परंतु भाषेच्या नियमाला धरून लिहावी. या ‘परंतु’मध्ये जू शी-ग्योंग (१८७६-१९१४) या वैयाकरणाच्या आयुष्याचे काम साठलेले आहे. फूल एकटे असो, प्रत्ययासह असो की समासात असो, त्याचा उच्चार तीन परींनी बदलला तरी कागदावर त्याचा चौकोन तोच राहिला पाहिजे, हा त्या परंपरेचा आग्रह होता. कानाची थोडी गैरसोय पत्करून डोळ्याची सोय पाहणारा हा निर्णय आहे, आणि कोरियन सामासिक शब्द वाचकाच्या मनात कसे उलगडतात याचा विचार करताना तो विसरून चालत नाही.

आता मनाकडे वळतो. सामासिक शब्द दिसला की वाचक त्याचे तुकडे करतो का, की अख्खा शब्द एकदम उचलतो, हा प्रश्न मानसभाषाविज्ञानात, म्हणजे मन भाषा कशी हाताळते याच्या अभ्यासात, गेली पन्नासेक वर्षे घासूनपुसून तपासला जात आहे. टॅफ्ट आणि फॉर्स्टर या दोघांनी १९७५ आणि १९७६ मध्ये लिहिलेल्या निबंधांपासून तो विशेष गाजला. त्यांची पद्धत सोपी होती. पडद्यावर अक्षरांची एक माळ दाखवायची आणि हा शब्द आहे की नाही हे समोरच्याने कळ दाबून सांगायचे. अस्तित्वात नसलेल्या इंग्रजी शब्दांपैकी ज्यांचा पहिला भाग खरा शब्द होता, ते ‘नाही’ म्हणून बाजूला काढायला लोकांना अधिक वेळ लागला. मराठीत सांगायचे तर ‘हातगुंबी’ हा शब्द नाही हे ठरवायला ‘थालगुंबी’पेक्षा जास्त वेळ जावा, असा हा प्रकार आहे. ‘हात’ दिसताच मनाने त्या दारात पाऊल टाकलेले असते आणि ते मागे घ्यायला क्षण लागतो.

याच्या विरुद्ध टोकाचे मत असे होते की प्रत्येक सामासिक शब्द मनात स्वतंत्र नोंद म्हणूनच असतो आणि तुकडे करण्याचा उद्योग वाचक फक्त अनोळखी शब्दापुरता करतो. दोन्ही मतांना पुरावे मिळत गेले. डच भाषेवरील १९९४ मधल्या प्रयोगांत आढळले की ज्या समासाचा अर्थ घटकांवरून अजिबात लागत नाही त्यातही घटकशब्द क्षणभर जागे होतात, परंतु त्या घटकांच्या अर्थाशी नाते सांगणारे इतर शब्द मात्र जागे होत नाहीत. फिनिश भाषेत ह्योना आणि पोलात्सेक यांनी १९९८ मध्ये वाचकाच्या नजरेच्या हालचाली मोजल्या. नजर ओळीवरून सरकत जात नाही. ती उड्या मारते आणि मधे साधारण पाव सेकंद थांबते. लांब समासात पहिला घटक नित्याच्या वापरातला असला की हा थांबा आखूड होतो, असे त्यांना दिसले. पुढे बर्ट्राम आणि ह्योना यांनी २००३ मध्ये दाखवले की आखूड समास एका नजरेत मावतो म्हणून अख्खा ओळखला जातो, तर लांब समासात घटकांचा आधार घ्यावा लागतो.

फिनिशमधला हा निष्कर्ष कोरियनला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि इथे विषय खरा रंगतदार होतो. फिनिश शब्द ओळीवर लांबच लांब पसरतो. कोरियन शब्द चौकोनात दाटून बसतो. नऊ-दहा चिन्हांचा समासही तीन-चार चौकोनांत आटोपतो आणि नजरेच्या एका थांब्यात सहज मावतो. म्हणजे अख्खा शब्द उचलण्याची सोय लिपीनेच केलेली आहे. पण त्याच लिपीने प्रत्येक घटकाचा चेहराही जपलेला आहे, म्हणजे तुकडे पाहण्याची सोयही तिनेच केली आहे. ‘नुन’ म्हणजे डोळा, ‘मुल’ म्हणजे पाणी, ‘नुनमुल’ म्हणजे अश्रू. ‘सोन’ म्हणजे हात, ‘मोक’ म्हणजे मान, ‘सोनमोक’ म्हणजे मनगट. आपल्या मुलांना हाताची मान ऐकून मोठी गंमत वाटते. ती गंमत शिकणाऱ्याची आहे; सोलमधल्या वाचकाला रोजच्या वर्तमानपत्रात मनगट दिसते तेव्हा त्याला कुणाची मान आठवत नाही, जशी आपल्याला पोटनिवडणुकीची बातमी वाचताना कुणाच्या पोटाची आठवण होत नाही. परिचय, अर्थाची पारदर्शकता आणि घटकाचे नातेवाईक शब्द किती आहेत, या तिन्हींवर कोणती वाट आधी पोचेल हे ठरते. दोन्ही वाटा मात्र एकाच वेळी चालू असतात, असे आता बहुतेक अभ्यासक धरून चालतात.

नातेवाइकांचा मुद्दा कोरियनमध्ये फार नाजूक आहे. त्या भाषेचा निम्म्याहून अधिक शब्दसंग्रह चिनी मुळांचा आहे, म्हणजे संस्कृतचे मराठीत जे स्थान आहे तसे काहीसे. ‘हाक’ म्हणजे विद्या किंवा अध्ययन. त्यावरून शाळेला ‘हाक्क्यो’, विद्यार्थ्याला ‘हाकसेंग’, विद्यापीठाला ‘देहाक’, साहित्याला ‘मुनहाक’, विज्ञानाला ‘क्वाहाक’. एवढे गोत असलेला घटक कुठल्याही नव्या शब्दात दिसला तरी वाचक त्याला ओळखतो. पण ‘सू’ हा चौकोन घ्या. पाणी, हात, डोके, संख्या या चारही अर्थांची वेगवेगळी चिनी चिन्हे कोरियन उच्चारात ‘सू’च होतात. ‘सूयोंग’मध्ये (पोहणे) तो पाणी आहे, ‘कासू’मध्ये (गायक) हात आहे, ‘सूहाक’मध्ये (गणित) संख्या आहे, आणि ‘सूदो’ हा एकच लिखित शब्द राजधानीही आहे व नळपाणी योजनाही आहे. चिनी चिन्हे छापली जात होती तोवर हा गोंधळ डोळ्याला दिसतच नव्हता. दक्षिण कोरियाने १९४८ च्या कायद्याने सरकारी कागदपत्रे हंगुलमध्ये लिहिण्याचे ठरवले, उत्तरेने १९४९ मध्ये चिनी चिन्हे बंदच केली, आणि दक्षिणेतली वर्तमानपत्रेही हळूहळू पूर्ण हंगुलवर आली. आजच्या वाचकाला ‘सू’ कोणता हे शेजारच्या चौकोनावरून आणि वाक्याच्या ओघावरून ठरवावे लागते, आणि तो ते कळूही न देता ठरवतो.

म्हणूनच कोरियन अभ्यासकांनी प्रयोगांत एक खास आपला प्रश्न घातला. वाचकाने ओळखायच्या शब्दाच्या आधी क्षणभर दुसरा शब्द चमकवायचा. कधी दोन्ही शब्दांत चौकोनही समान आणि मूळ चिनी घटकही समान, तर कधी चौकोन समान पण घटक वेगळा. ओळखीच्या वेगात या दोन परिस्थितींत फरक पडला तर मन केवळ अक्षरे जुळवत नसून त्यांच्यामागचे अर्थघटकही हाताळते, असे म्हणता येते. इंग्रजीत हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे विचारताच येत नाही. मराठीत येतो. ‘करदाता’, ‘करकमल’ आणि ‘हितकर’ या तीन शब्दांतला ‘कर’ तीन वेगळे अर्थ वाहतो आणि आपण कधी अडखळत नाही. आमच्या शिवाजी विद्यापीठात भाषा आणि मानसशास्त्र हे दोन्ही विषय शिकवले जातात. देवनागरीवर असे प्रयोग रचायला एखाद्या विद्यार्थ्याने हात घातला तर त्याला प्रयोगसाहित्य आपल्या दैनिकाच्या कुठल्याही पानावर मिळेल.

कोरियन लेखनात सांधा दाखवण्याची आणखी एक तऱ्हा आहे आणि तिच्यावर तिकडे बरेच वाद होतात. दोन शब्द जुळताना मधे उच्चार कठोर झाला किंवा ‘न’ उपटला, तर पहिल्या शब्दाच्या शेवटच्या चौकोनाखाली एक जादा ‘स’ लिहायचा. त्याला ‘साइ-शिओत’, म्हणजे मधला स, म्हणतात. अट अशी की दोन घटकांपैकी किमान एक देशी असला पाहिजे. दोन्ही चिनी मुळांचे असतील तर हा ‘स’ लागत नाही, सहा शब्दांचा अपवाद सोडून. म्हणजे साधी पाटी रंगवणाऱ्यानेही शब्दाची कुळी पारखावी अशी नियमाची अपेक्षा आहे. पावसाळ्याला ‘जांगमा’ आणि पावसाला ‘बी’ म्हणतात. दोन्ही मिळून होणारा शब्द प्रमाण लेखनात ‘जांगमात्बी’ असा दिसतो. गंमत अशी की पहिले दोन चौकोन आता ‘जांगमात’ असे झाले, आणि तो आंबवलेल्या सोयाबीनच्या चटणीची चव या अर्थाचा एक स्वतंत्र शब्द आहे. सांधा दाखवण्यासाठी आणलेल्या चिन्हानेच वाचकाला चुकीच्या जागी शब्द तोडायची संधी दिली. उत्तर कोरियात हा ‘स’ सहसा लिहीतच नाहीत.

आपल्याकडे याच जातीचा नियम आहे. ‘बुद्धी’ एकटी दीर्घ, पण ‘बुद्धिवाद’ ऱ्हस्व. ‘कवी’ दीर्घ, ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व. आणि हे फक्त तत्सम शब्दांना लागू. तिथेही शब्दाची कुळी पारखल्याशिवाय लिहिता येत नाही. पुन्हा आपल्या संधींनी घटकांचे चेहरेच विरघळवले आहेत. ‘महोत्सव’ आणि ‘विद्यार्थी’ यांत सांधा कुठे आहे हे डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे ते अख्खेच ओळखावे लागतात. ‘मीठभाकर’, ‘ऊसतोड’, ‘पाणीपुरवठा’ यांत मात्र दोन्ही पदे जशीच्या तशी उभी असतात. एकाच भाषेत दोन्ही प्रकार शेजारी नांदतात, ही वाचनाच्या अभ्यासकाला पर्वणी आहे.

आपल्या जुन्या वैयाकरणांनी समासाच्या अर्थाविषयी घातलेला वादही या प्रयोगांच्या संदर्भात आठवतो. समासात पदे एकरूप होऊन एकच नवा अर्थ देतात, हा एकार्थीभाव. की पदे आपापला अर्थ राखून एकमेकांची अपेक्षा ठेवतात, ही व्यपेक्षा. असे दोन पक्ष पतंजलीच्या महाभाष्यात मांडलेले आहेत. त्यांना शब्दाच्या सिद्धीची आणि अर्थाची चिंता होती, वाचकाच्या नजरेची नव्हे, त्यामुळे आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते असला दावा मी करणार नाही. पण प्रश्नाची मांडणी त्यांनी बरोबर केली होती, आणि त्यांचा एक व्यावहारिक इशारा आजच्या उपसंपादकालाही लागू पडतो. समासातल्या पदाला समासाबाहेरच्या शब्दाची अपेक्षा असेल तर समास जुळत नाही, असे महाभाष्य सांगते. आपल्या दैनिकात ‘अवजड वाहनबंदी’ असा मथळा आला होता. बंदी अवजड नव्हती, वाहने अवजड होती. ‘अवजड वाहनांना बंदी’ असे लिहिले असते तर एका शब्दाची जागा अधिक गेली असती, पण डोळ्याला मागे फिरावे लागले नसते.

तोडण्याचा दोष याहून सर्रास आहे. शहरात ‘बाल रोगतज्ज्ञ’ अशा पाट्या दिसतात. त्यांचा सरळ अर्थ रोगतज्ज्ञ असलेले बालक असा होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या बातम्यांत ‘पूरग्रस्त’ हा शब्द एकाच पानावर कधी जोडून तर कधी ‘पूर ग्रस्त’ असा तोडून छापलेला वाचकांनी पाहिला आहे. ज्या शब्दाची नजरेला सवय व्हावी तो दोन रूपांत भेटत राहिला की अख्ख्या शब्दाची ओळख पक्की होण्याला तेवढा विलंब लागतो, असे वर सांगितलेल्या प्रयोगांवरून मला वाटते. मोठ्या माणसाला ते जाणवत नाही. वर्तमानपत्रावर वाचन पक्के करणाऱ्या आठवी-नववीच्या मुलाला जाणवते, आणि मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्याला त्याहून अधिक.

शब्दांत मोकळी जागा कुठे सोडायची हा प्रश्न कोरियात एका वर्तमानपत्राने धसास लावला, हे येथे मुद्दाम सांगतो. ७ एप्रिल १८९६ रोजी सोलमध्ये निघालेल्या ‘तोंगनिप शिनमुन’ने आपला कोरियन मजकूर केवळ हंगुलमध्ये आणि शब्दाशब्दांत जागा सोडून छापायला सुरुवात केली; जू शी-ग्योंग तरुणपणी तिथेच काम करत होते. जागेचे महत्त्व तिकडे शाळकरी मुलांना एका वाक्याने पटवतात. सगळी अक्षरे चिकटवून लिहिलेले ते वाक्य ‘आबोजीगा बांगे’ असे तोडले तर वडील खोलीत शिरतात, आणि ‘आबोजी गाबांगे’ असे तोडले तर वडील पिशवीत शिरतात. आपल्या शाळांत सभंग श्लेष शिकवतात तो हाच. आजच्या कोरियन नियमांतही सगळे काटेकोर नाही: पारिभाषिक संज्ञा घटकशः सुट्या लिहाव्यात हे तत्त्व आहे, पण जोडून लिहिण्यास मुभा आहे, आणि ‘आपला देश’ या अर्थाचा शब्द जोडून, तर ‘आपले घर’ मात्र तोडून लिहितात, कारण पहिला कोशात एक शब्द म्हणून नोंदलेला आहे आणि दुसरा नाही. मात्र शंका आली तर कुठे पाहायचे हे तिथल्या उपसंपादकाला माहीत असते. त्यांच्या राष्ट्रीय भाषासंस्थेचा प्रमाण कोश १९९९ पासून उपलब्ध आहे आणि जोडणे-तोडणे त्यावरून ठरते.

तेव्हा दोन विनंत्या करतो. कोरियन शिकवणाऱ्या वर्गांविषयी पुन्हा लिहाल तेव्हा अक्षरओळख आणि वाचन यांची गल्लत करू नये, आणि शिकवणाऱ्यांना असा प्रश्न विचारावा की ‘हाक’, ‘सू’ यांसारख्या घटकांची कुटुंबे ते विद्यार्थ्यांना कधी आणि कशी ओळखीची करून देतात. दुसरी विनंती आपल्या संपादकीय विभागाला आहे. वारंवार येणाऱ्या सामासिक शब्दांची एक यादी करून त्यांचे एकच रूप ठरवावे आणि ती यादी वाचकांसाठी पुरवणीत छापावी; पूरग्रस्त, पूररेषा, पाणीपुरवठा, ऊसदर, दूधसंघ, बालरोगतज्ज्ञ यांपासून आरंभ करता येईल. ‘गळीत हंगाम’ जोडावा की तोडावा याबद्दल माझे मत तोडण्याच्या बाजूचे आहे, पण साखर पट्ट्यातल्या वाचकांचे त्यावर वेगळे म्हणणे असेल तर ते याच सदरात यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त भाषाशिक्षक,
कोल्हापूर